कसोटीच्या निकालपत्रांतील अंदाजाचें वाचन

जुन्या कागदांचा अभ्यास करणारास एक गोष्ट सांगावी लागत नाहीं. एखादें निवाडपत्र हातीं आलें म्हणजे तो केवळ शेवटची ओळ वाचून थांबत नाहीं. वादी खरा झाला कीं प्रतिवादी, एवढेंच पाहावयाचें असतें तर निवाडपत्रें जतन करण्याचें कारण नव्हतें. जमीन किती बिघे, हद्दी कोणत्या, हक्काचा ऐवज किती, साक्षी कोण कोण, हें सर्व त्या शेवटच्या ओळीच्या वर असतें, आणि इतिहास त्यांतूनच निघतो. असें असतां हेच संशोधक संगणकाकडून संख्याशास्त्रीय कसोटीचें निकालपत्र आलें कीं त्यांतील एकच आकडा उचलतात आणि बाकीचा कागद टाकून देतात. हें निकालपत्र कसें वाचावें, हाच प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

नाण्यांचीं वजनें, पोथ्यांच्या पत्रांची लांबीरुंदी, दर ओळींतील अक्षरसंख्या, दोन प्रतिकुलांतील पाठभेदांची गणती, अशा मोजमापांवर संगणकाच्या साह्यानें कसोट्या लावण्याची रीत आतां आपल्या विषयांतही शिरली आहे. ती शिरली याबद्दल तक्रार नाहीं. तक्रार आहे ती निष्कर्षाच्या वाक्याबद्दल. ‘दोन गटांत लक्षणीय फरक आढळला, पी-मूल्य ०.०५ हून कमी’ असें एक ठराविक वाक्य लिहिलें जातें व परिच्छेद संपतो. फरक किती गुंजांचा, किती अंगुळांचा, किती अक्षरांचा, हें वाचकानें विचारूं नये अशीच जणूं योजना असते. वस्तुतः पी-मूल्य म्हणजे काय? दोन गटांत खरोखर कांहींच फरक नाहीं असें गृहीत धरलें, तर हातीं आलेल्याइतका किंवा त्याहून मोठा फरक निव्वळ योगायोगानें दिसण्याची संभाव्यता. तें फरकाचें माप नव्हे. मोजलेल्या वस्तूंची संख्या पुरेशी वाढविली तर अत्यंत क्षुल्लक फरकाचेंही पी-मूल्य हवें तितकें लहान होतें. आणि वस्तु थोड्या असल्या तर मोठा फरकही कसोटीस उतरत नाहीं. पी-मूल्यावरून परिणामाचें मान किंवा महत्त्व ठरत नाहीं, असें अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननें २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या निवेदनांत स्पष्ट बजावलें आहे.

मग ‘किती’ या प्रश्नाचें उत्तर कोठें असतें? बहुधा त्याच निकालपत्रांत. पण तें काढतांना वाचनाच्या चुका होतात, आणि त्या चुका पाठचिकित्सा करणारांस ओळखीच्या वाटाव्यात अशा जातीच्या आहेत.

उदाहरणासाठीं ‘आर’ नांवाची आज्ञावली घेतों. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठांत रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन या दोघांनीं ती रचण्यास प्रारंभ केला, तिची १.० ही आवृत्ति २००० सालीं निघाली. ती विनामूल्य मिळते व तिची घडण सर्वांस तपासतां येते, म्हणून टीकेसाठींही तीच बरी. या आज्ञावलींत कोणतीही नेहमीची कसोटी लावली म्हणजे जें पडद्यावर दिसतें तो केवळ गोषवारा असतो. त्यामागें एक पूर्ण निकालपत्र साठविलेलें असतें, आणि त्याचे कप्पे नांवानें वेगळे केलेले असतात: स्टॅटिस्टिक, पॅरामीटर, पी-व्हॅल्यू, कॉन्फ-इंट, एस्टिमेट, नल-व्हॅल्यू, आल्टर्नेटिव्ह, मेथड, डेटा-नेम. कसोटीचा प्रकार बदलला कीं यांतले कांहीं कप्पे गळतात, कांहीं नवे येतात.

ज्यास प्राचलाचा अंदाज हवा आहे तो साहजिकच ‘पॅरामीटर’ या कप्प्यास हात घालतो, कारण प्राचलास इंग्रजींत तोच शब्द आहे. आणि तेथेंच तो फसतो. या कप्प्यांत मोजलेल्या वस्तूचा प्राचल नसतो. कसोटीसाठीं जें संभाव्यतेचें वितरण वापरलें त्याचा प्राचल, म्हणजे बहुधा स्वातंत्र्यमात्रांची संख्या, असते. आज्ञावली रचणारांचें यांत चुकलें असें नाहीं. त्यांच्या परिभाषेंत तो शब्द शुद्ध आहे. पेशवाई कागदांतील ‘सन’ या शब्दाचें असेंच आहे. पानिपतच्या वर्षास सुहूर सन ११६१ आणि फसली सन ११७०. लिहिणारा दोन्ही ठिकाणीं नुसतें ‘सन’ लिहूं शकतो, आणि कोणता तें न पाहतां जो इसवी सन काढील त्याचा इतिहास नऊ वर्षांनीं चुकेल. मोजमापाचा खरा अंदाज ‘एस्टिमेट’ या कप्प्यांत असतो, आणि त्याच्या विश्वासमर्यादा ‘कॉन्फ-इंट’ मध्यें. पण तेथेंही अंदाज कशाचा, हें दर कसोटीगणिक वेगळें विचारावें लागतें.

हें दाखविण्यास या शास्त्रांतील सर्वांत प्रसिद्ध कोष्टक घेणें इष्ट. विल्यम गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस मद्यालयांतील रसायनज्ञ. त्यानें १९०८ सालीं ‘स्टूडंट’ या टोपण नांवानें जो निबंध लिहिला त्यांतून पुढें टी-कसोटी निघाली. आपल्या रीतीचें उदाहरण म्हणून त्यानें दहा रोग्यांच्या झोपेचें कोष्टक घेतलें. मूळ मोजणी कुश्नी व पीबल्स यांची, १९०५ सालीं प्रसिद्ध झालेली, आणि रोगी अमेरिकेंत मिशिगन प्रांतांतील कॅलामझू येथील वेड्यांच्या इस्पितळांतले. औषधाविना येणाऱ्या झोपेपेक्षां औषधानें किती तास अधिक झोप आली, हा प्रत्येक रोग्यापुढील आकडा. पहिल्या औषधाची सरासरी ०.७५ तास, दुसऱ्याची २.३३ तास.

हें कोष्टक ‘आर’ मध्येंही ‘स्लीप’ या नांवानें बसविलेलें आहे. आतां त्यावर टी-कसोटी दोन प्रकारें लावून पाहूं. प्रथम असें समजूं कीं पहिल्या औषधाचे दहा रोगी वेगळे व दुसऱ्याचे दहा वेगळे. या रीतीनें टी-संख्या उणे १.८६, पॅरामीटर १७.७७६ आणि पी-मूल्य ०.०७९ येतें. म्हणजे रूढ शेंकडा पांचच्या दंडकाप्रमाणें फरक सिद्ध झाला नाहीं. दुसऱ्या प्रकारांत हे दोन्ही आकडे एकाच रोग्याचे आहेत हें लक्षांत घेऊन जोड्या लावूं. आतां टी-संख्या उणे ४.०६, पॅरामीटर ९ आणि पी-मूल्य ०.००२८ येतें, फरक सिद्ध झाला. ज्यानें केवळ पी-मूल्य उचललें त्याच्या वहींत एकाच कोष्टकाचे दोन परस्परविरुद्ध निकाल झाले. परंतु अंदाज पाहिला तर काय दिसतें? दोन्ही वेळीं फरक १.५८ तास, म्हणजे सुमारें १ तास ३५ मिनिटें, तोच. बदलल्या त्या केवळ मर्यादा: पहिल्या रीतीनें दुसऱ्या औषधाचें आधिक्य उणे ०.२१ पासून ३.३७ तासांपर्यंत कोठेंही असूं शकेल, दुसऱ्या रीतीनें ०.७० पासून २.४६ तासांपर्यंत. वस्तुस्थिति एकच आहे. एका चष्म्यांतून ती अधिक अंधुक दिसते, दुसऱ्यांतून कमी. दहाही माणसें एकच असल्यामुळें जोडीची रीतच येथें योग्य, हें वेगळें सांगणें नको. ‘स्लीप’ कोष्टकाच्या माहितीपत्रांत गटांचें नांव दिशाभूल करणारें आहे, माणसें दहाच आहेत, असा खुलासाही केलेला आहे. तरीही त्याच ग्रंथालयांतील टी-कसोटीच्या माहितीपत्रांत हें उदाहरण आधीं जोडीविना सोडविलेलें आढळतें. शिकणारा जें प्रथम दिसतें तेंच उतरून घेतो.

यांतील आणखी एक खोच. जोडीविना केलेल्या कसोटींत ‘एस्टिमेट’ हा कप्पा उघडला तर त्यांत १.५८ हा आकडा नसतोच. तेथें ०.७५ आणि २.३३ या दोन सरासऱ्या असतात. आणि शेजारच्या ‘कॉन्फ-इंट’ मधील मर्यादा मात्र त्यांच्या वजाबाकीच्या असतात. दोन कप्पे एकाच वस्तूविषयीं बोलत आहेत असें समजून शेजारीं शेजारीं छापले तर वाचकास कांहींच बोध होत नाहीं. वजाबाकी स्वतः करावी लागते. आणि ती पहिल्यांतून दुसरा अशीच असते. पहिला कोण, हें आज्ञावली बहुधा नांवांच्या वर्णक्रमावरून ठरविते. या बाबतींत मला दुसऱ्यांस दोष देण्याचा अधिकार नाहीं. पोथ्यांच्या दर ओळींतील अक्षरसंख्येची तुलना करतांना मीं दोन गटांस ‘आधींच्या’ व ‘नंतरच्या’ अशीं नांवें दिलीं होतीं. वर्णक्रमानें आ आधीं व न नंतर. म्हणून फरक आधींच्यांतून नंतरच्या वजा करून निघाला. मीं तो उलट वाचला, आणि लेखक कालांतरानें दाट लिहूं लागले असें विधान एका व्याख्यानांत करून मोकळा झालों. खरी गोष्ट नेमकी उलट होती. पी-मूल्यावरून ही चूक कधींच उघडकीस आली नसती, कारण चिन्ह उलटलें तरी पी-मूल्य तेंच राहतें. एका तरुण स्नेह्यानें दोन सरासऱ्या मागितल्या तेव्हां ती सांपडली.

याच झोपेच्या कोष्टकाचा पाठेतिहासही आपल्या वाचकांस रुचेल. गॉसेटनें दोन स्तंभांस जीं औषधांचीं नांवें दिलीं तीं मूळाशीं जुळत नाहींत. त्यानें एकाच हायोसायमीनचे उजवें व डावें असे दोन प्रकार समजून शीर्षकें लिहिलीं. मूळ निबंधांत ते स्तंभ डावें हायोसायमीन व डावें हायोसीन या दोन निरनिराळ्या औषधांचे आहेत. रोनाल्ड फिशरनें १९२५ सालच्या आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथांत तेंच कोष्टक घेतलें आणि चुकीचीं नांवेंही त्याबरोबर आलीं. लेखकप्रमाद एकदां मातृकेंत शिरला म्हणजे पुढच्या सर्व प्रतींत कसा उतरतो, याचें याहून स्वच्छ उदाहरण छापील वाङ्मयांत क्वचितच मिळेल. आजच्या ‘स्लीप’ मध्यें नांवेंच उरलीं नाहींत. केवळ १ व २ हे अंक आहेत. पाठ भ्रष्ट झाला होता, आतां तो लुप्त झाला आहे. पण आपल्या मुद्द्याशीं या कथेचा संबंध असा: चूक झाली ती ‘किती’ या आकड्यांत नव्हे, ‘कशाचें’ या शीर्षकांत. आज्ञावली आकडे सांभाळते. शीर्षक सांभाळणें संशोधकाकडेच राहतें.

टी-कसोटी सोडून इतरत्र गेलें तर अडचणी वाढतात. विल्कॉक्सनची क्रमकसोटी घ्या. तिच्या निकालपत्रांत अंदाज मुळींच नसतो. मर्यादा पाहिजेत असें आधीं सांगितलें तरच तो काढला जातो. आणि काढला तरी तो मध्यक नव्हे. वरील दहा रोग्यांच्या फरकांची सरासरी १.५८ आणि मध्यक १.३ आहे. विल्कॉक्सनच्या कसोटींतून निघणारा अंदाज, शून्य फरकाचा रोगी वगळला असतां, सुमारें १.४ येतो, कारण तो फरकांच्या दोन दोन करून काढलेल्या सरासऱ्यांचा मध्यक असतो, आणि आज्ञावली त्यास प्रामाणिकपणें छद्म-मध्यक असेंच नांव देते. हे तिन्ही आकडे आपापल्या जागीं बरोबर आहेत. सरासरी मोठी दिसते ती नवव्या रोग्यामुळें. त्याचा एकट्याचा फरक ४.६ तास आहे, आणि त्यास बाजूस ठेवलें तर उरलेल्या नवांची सरासरी १.२४ वर येते.

पाठभेदांच्या गणतींत काय-वर्ग कसोटीचा वापर पुष्कळ होतो. अमुक एक रूप या प्रतिकुलांत इतक्या ठिकाणीं, त्या प्रतिकुलांत तितक्या ठिकाणीं, असें चार घरांचें कोष्टक घालून कसोटी लावावयाची. तिच्या निकालपत्रांत अपेक्षित संख्या व शेषें मिळतात, पण अंदाजाचा कप्पाच नाहीं. ज्यास प्रमाणांतील फरक हवा त्यानें प्रमाणांची स्वतंत्र कसोटी मागावी. तींत दोन प्रमाणें व त्यांच्या फरकाच्या मर्यादा मिळतात. फिशरची अचूक कसोटी अंदाज देते. पण तो नीट ओळखून घ्यावा लागतो. फिशरनें १९३५ च्या ‘दि डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्स’ या ग्रंथांत चहाच्या आठ पेल्यांचा प्रयोग वर्णिला आहे: चारांत दूध आधीं, चारांत चहा आधीं, आणि कोणत्या पेल्यांत काय आधीं तें चव घेऊन सांगावयाचें. ‘आर’ च्या माहितीपत्रांत प्रत्येक चारांपैकीं तीन ओळखले असें धरून उदाहरण सोडविलें आहे. हातानें तिरपा गुणाकार केला तर शक्यतांचें गुणोत्तर तीन गुणिले तीन भागिले एक, म्हणजे ९ येतें. आज्ञावली ६.४१ सांगते. यांत गणिताचा दोष नाहीं. ती कोष्टकाच्या कडेच्या बेरजा स्थिर मानून संभाव्यता जास्तींत जास्त करणारा आकडा शोधते, आणि तो वेगळा असतो. लेखांत ९ छापून शेजारीं या कसोटीच्या मर्यादा छापणें म्हणजे एका दप्तरांतील नांव दुसऱ्या दप्तरांतील सालास जोडण्यासारखें आहे. शिवाय तेथील कसोटी एकतर्फी असल्यामुळें मर्यादाही एकतर्फीच मिळते: खालीं ०.३१, वर अनंत. पी-मूल्य ०.२४. अंदाज सहापट दिसतो, आणि तरीही त्यावरून कांहींच म्हणतां येत नाहीं. तेव्हां नुसता अंदाज उचलणारेही नुसतें पी-मूल्य उचलणारांइतकेच अर्धवट, हें येथें नमूद करून ठेवतों.

पडद्यावर दिसणारा आकडा उतरून घेण्याची संवयही सोडली पाहिजे. गोषवाऱ्यांत आकडे तोडून दाखविलेले असतात. पूर्ण आकडा कप्प्यांत असतो आणि तेथूनच नांवानें मागवावा. पी-मूल्य फारच लहान असलें तर आज्ञावली ‘दशांश चिन्हानंतर पंधरा शून्यें व मग २२ यांहून कमी’ अशा अर्थाची एक ठराविक ओळ छापते. ती ओळ छपाईची रीत आहे, मोजलेलें मूल्य नव्हे. निरनिराळ्या लेखांत हाच आकडा पुनःपुन्हां शोध म्हणून मांडलेला पाहिला म्हणजे एकाच शिक्क्याचे ठसे पाहिल्याचा भास होतो.

‘किती’ हा प्रश्न आमच्या विषयास परका आहे असें मात्र कोणीं म्हणूं नये. गोव्यांत कोसबें येथें १९०७ सालीं जन्मलेले व पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविणारे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं १९४० सालापासून आहत नाण्यांच्या वजनांवर जे निबंध लिहिले ते याच प्रश्नावर उभे आहेत. तक्षशिलेच्या सांठ्यांतील नाण्यांचे दोन गट एकमेकांहून भिन्न आहेत, एवढेंच सिद्ध करून ते थांबले असते तर संख्याशास्त्राचा एक धडा झाला असता, नाणकशास्त्राचा नव्हे. व्यवहारांत फिरतां फिरतां नाणें झिजतें, म्हणून पाठीवरील चिन्हांची संख्या वाढत जाते तशी सरासरी वजनाची घट किती होते, आणि वजनांचा पसारा किती वाढतो, हें त्यांनीं मोजलें. आणि त्या घटीच्या मानावरून गटांचा कालक्रम लावला. कालक्रम निघाला तो अंदाजांतून. कसोटीनें केवळ एवढी हमी दिली कीं ही उतरंड योगायोगाची नाहीं. त्यांच्या कांहीं निष्कर्षांवर मतभेद होऊं शकतो व झालाही आहे. पण मतभेद होऊं शकतो याचें कारण त्यांनीं आकडे दिले हेंच. ज्या लेखांत केवळ ‘लक्षणीय’ हा शब्द आहे त्याच्याशीं वाद तरी कशावर घालावयाचा? याच कोसंबींनीं १९४८ सालीं भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सित आवृत्ति काढली, आणि त्या कामींही अमुक श्लोक किती प्रतींत व कोणत्या प्रतींत, ही गणतीच आधार होती.

आणखी एक दोष अंदाज काढणारांतही आढळतो आणि तो सूक्ष्म आहे. पुष्कळ मोजमापांवर कसोट्या लावावयाच्या, ज्या पार पडल्या तेवढ्यांचेच अंदाज काढावयाचे, आणि बाकीच्यांचा उल्लेखही करावयाचा नाहीं. अशा निवडीनें उरलेले अंदाज वस्तुस्थितीहून फुगलेले असतात. विशेषतः मोजलेल्या वस्तु थोड्या असतील तेव्हां, कारण योगायोगानें मोठा दिसलेला फरकच कसोटी ओलांडतो. संग्राहकांस हें समजण्यास गणित नको. ज्यानें केवळ उत्तम ठशाचीं नाणीं जपलीं त्याच्या संग्रहावरून टांकसाळीची सरासरी काढणारास काय म्हणावें, हें ते जाणतातच. म्हणून लेखास जोडावयाच्या कोष्टकांत ज्या कसोट्या फसल्या त्यांचेही अंदाज व मर्यादा आल्या पाहिजेत. याला जागा लागेल, आणि संपादक जागेबद्दल कुरकुरतील. पाठभेदांच्या तळटीपांस जागा देणाऱ्या नियतकालिकानें या चार स्तंभांस नाहीं म्हणूं नये.

ते चार स्तंभ असे: गटांचीं नांवें, कोणतें कोणांतून वजा केलें तें दाखवून, प्रत्येक गटांतील वस्तूंची संख्या, अंदाज, त्याच्या मापासह, आणि दोन्ही मर्यादा. कसोटीचें नांव, जोडी लावली कीं नाहीं, एकतर्फी कीं दुतर्फी, आणि आज्ञावलीची आवृत्ति, हें कोष्टकाखालीं एका ओळींत मावतें. आवृत्ति लिहिणें ही हौस नव्हे. ‘आर’ मध्येंच जोडीची टी-कसोटी सांगण्याची एक जुनी रीत अलीकडच्या आवृत्त्यांत बंद झाली आहे, आणि जुन्या लेखांतील आज्ञा जशीच्या तशी चालविणारास आतां ती नाकारली जाते.

झोपेच्या कोष्टकाचा निकाल या रीतीनें लिहावयाचा तर तो असा होईल: दहा रोगी, दुसऱ्या स्तंभांतील औषधानें, म्हणजे डाव्या हायोसीननें, पहिल्या स्तंभांतील डाव्या हायोसायमीनपेक्षां सरासरी १.५८ तास झोप अधिक आली; शेंकडा ९५ च्या मर्यादा ०.७० व २.४६ तास, जोडीची दुतर्फी टी-कसोटी, स्वातंत्र्यमात्रा ९, नवव्या रोग्याचा फरक एकट्याचा ४.६ तास, तो वगळल्यास सरासरी १.२४ तास, पी-मूल्य ०.००२८.